टोकाकडून

आधार कार्डाच्या खोलीत तो म्हणाला,
"केस दाबा जरा, चौकटीत बसत नाहीत."
मी दोन्ही हातांनी दाबले.
हात काढले की पुन्हा वर,
दामटून निजवलेलं पोर
आईची पाठ वळताच उठून बसतं तसे.
चौथा फोटो पास झाला.
त्यात कपाळाच्या वर मी नाहीच.

मी सफुरा. राजपुरीच्या जेट्टीवर
होड्यांची तिकिटं फाडते.
सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळते, आणि माणसं
आधी माझ्या डोक्याकडे बघतात,
मग किल्ल्याकडे.
ओढणी असते. पण ती टिकत नाही,
केस तिला खालून ढकलत राहतात.

एकाने विचारलं, "खरे आहेत?"
उत्तराआधी त्याचा हात आला.
अंगठी अडकली आत.
बायको मोबाइल धरून हसत होती.
मी त्याची अंगठी सोडवून दिली,
वर वीस रुपये सुटे.

दुसरा कॅमेरेवाला, भला माणूस,
डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "अगदी आफ्रिका!"
त्याला बरं वाटावं म्हणून मी मान हलवली.
मी पनवेलच्या पुढे गेलेली नाही.
आफ्रिका म्हणजे आमच्यात
पणज्याच्या पणज्याने
कुणालाच न सांगितलेलं एक गाव.

शाळेत मोरेश्वर चौलकर मागच्या बाकावरून
माझ्या केसांत पेन्सिली खोचायचा.
एकदा सात निघाल्या, आणि एक खोडरबर.
पाचवीत मला पेन्सिल विकत घ्यावी लागली नाही.
(आता तो भेटला की नजर चुकवतो. टक्कल पडलंय.)

श्रीवर्धनचं स्थळ आलं तेव्हा
बोंबील वलांडीवर होते, घरभर वास.
मुलगा मस्कतला एसी दुरुस्त करणारा,
हात स्वच्छ, बोलणं हळू.
आईकडे बघत म्हणाला,
"मुंबईत सरळ करून मिळतात. खर्च आमचा."
गळकं छप्पर बघून बोलावं तसं.
अम्मी लगेच हो म्हणाली.
अब्बांनी विचारलं,
"सरळ करून काय करणार?"
टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.
मुलाने चहा संपवला.

लहानपणी अम्मी विंचरायला बसली
की माझी बोंब खाडीपार जायची.
मग अब्बांनी फणी घेतली.
दर्यावरून आलेले, बोटांना चिरा,
त्या चिरांत खोबरेल झोंबत असणार.
"जाळं मुळाकडून ओढू नये," म्हणायचे.
"टोकाकडून. गाठीला आधी कळू द्यावं
आपण आलोय ते."
एकेक गाठ ओळखायचे,
ही उशीची, ही वाऱ्याची,
ही तू रडलीस तिची.

तेच अब्बा मुरूडच्या बाजारात जाताना
दारातून हाक मारायचे, "झाकून घे."
दर वेळी. मी पोहायला निघाले तरी.
का, ते मी विचारलं नाही.
आणि त्यांचं स्वतःचं डोकं
दर पंधरवड्याला वस्तऱ्याने साफ.
न्हाव्याकडे जायला ते ईदलाही चुकले नाहीत,
पावसात होडी उलटली त्या आठवड्यातही नाही.
त्यांचे केस कसे होते
मला ठाऊकच नव्हतं.

यंदा अलिबागच्या इस्पितळात
ते सव्वा महिना पडून होते.
न्हावी कोण आणणार तिथे?
तिसऱ्या आठवड्यात टॉवेलने डोकं पुसताना
माझा हात थांबला.
पांढरी, बारीक, घट्ट कुरळी
वळणं, माझीच.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बघत होता.
अब्बांनी चादर वर ओढायला हात उचलला,
सलाइनच्या नळीने अडवला.

मी पिशवीतून फणी काढली.
टोकाकडून सुरुवात केली.
टोकं फार लांब नव्हती.